धुतलेले दगड

आमचं घराणं घासणाऱ्यांचं. माझे अब्बा चंद्रपुरात परकोटाच्या आत एका बोळात कल्हई करायचे. लग्नसराई आली की पितळी गंज, म्हणजे मोठी पातेली, आणि परातींची दाराशी रास लागायची. लोकांना वाटतं कल्हई म्हणजे कथील लावणं. ते तर शेवटचं, दोन मिनिटांचं काम. खरं काम घासायचं. अब्बा मोठ्या गंजात वाळू टाकून अनवाणी उभे राहायचे, भिंतीला दोन्ही हात टेकवून कमरेतून डावीउजवीकडे वळत राहायचे, पायाखालचं भांडं चकाकेपर्यंत. जुना डाग थोडा जरी राहिला तरी कथील धरत नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

पुढं घरोघरी स्टील आलं आणि भट्टी विझली. मी आयटीआय केलं, चार ठिकाणी धक्के खाल्ले आणि शेवटी एका कंत्राटदाराकडं लागलो. बंद पडलेले, विषारी होऊन बसलेले कारखाने साफ करून द्यायचं त्याचं काम. अब्बांना सांगितलं तर हसले. म्हणाले, "मतलब घिसनाच है ना, बेटा." ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली, पण नवीन जागेवर पहिला दिवस असला की मला त्यांचं हे वाक्य आठवतं.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. राग नाकावर असतो आणि मग पस्तावा दिवसभर. बायको म्हणते, तुमच्या तोंडाला कुलूप लावायला पाहिजे होतं आणि किल्ली माझ्याजवळ. खोटं नाही ते.

तर काही वर्षांपूर्वी आम्हाला वैनगंगेपलीकडचं, गडचिरोलीच्या जंगलातलं एक काम मिळालं. खनिज धुवायचा एक छोटा कारखाना होता, कधीचा बंद. अशा ठिकाणी नळातून वाहणारा गाळ किती घट्ट आहे ते मोजायला नळावर एक जाड शिशाची डबी बसवलेली असते. तिच्या पोटात किरण सोडणारा चिमूटभर पदार्थ असतो. डबी शाबूत आहे तोवर कुणाच्या केसाला धक्का नाही. कारखाना बंद करताना ती नियमानं काढून परत पाठवायची असते. इथं मालकच बुडाला, तर डबीची आठवण कोण ठेवणार! ती राहिली नळावर. मग भंगारवाले आले, त्यांना शिसं दिसलं, त्यांनी डबी कापली. आतली भुकटी आवारात पसरली आणि पावसाच्या पाण्याबरोबर उतारानं खाली जाऊन मुरली. ती दिसत नाही, तिला वास नाही. आमच्या हातातला मीटर तेवढा टिकटिक करून सांगतो की इथं आहे बाप्पा, इथं आहे.

काम सरळ असतं. चुन्यानं जमिनीवर चौकोन आखायचे, प्रत्येकाला नंबर द्यायचा, मीटर फिरवायचा. जिथं टिकटिक वाढली तिथं लाल झेंडी. वीतभर माती खरवडायची, ड्रममध्ये भरायची, झाकण ठोकायचं, यादीत लिहायचं. कोणत्या चौकोनातून काय निघालं आणि कुठं गेलं, ओळीला ओळ. कुंपणाच्या आतली काडीसुद्धा मोजल्याशिवाय आणि साहेबाच्या सहीशिवाय बाहेर नेता येत नाही. नियम चांगलेच आहेत ते. त्यांच्यामुळंच मी आज हे लिहायला जिवंत आहे. आणि कंत्राटाच्या पहिल्याच पानावर सगळ्या कामाचा हेतू एका ओळीत दिलेला होता: जागा पूर्ववत करून देणे.

उताराच्या टोकाला, जिथं ते पाणी मुरलं होतं, एक मोहाचं झाड होतं आणि त्याच्या आजूबाजूला उभे दगड होते. काही कमरेएवढे, काही गुडघ्याएवढे. कुणी गाडल्यासारखे सरळ उभे होते. माथ्यावर तेलाचे काळे डाग, खाली शेवाळ. मी ते पाहिले. पाहिले नाहीत असं म्हणायची सोय नाही. पण उन्हाचा कहर होता, अंगात प्लॅस्टिकचा सूट, तोंडावर मास्क, जेवणाची वेळ टळलेली. प्रत्येक दगडाला वेगळी ओळ लिहायची, चौकोनाचा नंबर टाकायचा, वेगळं रीडिंग घ्यायचं, म्हणजे आणखी तास-दीड तास. माझं डोकं फिरलेलं. मी एका ओळीत निपटवलं. इतर मलबा: दगड, सतरा. खाली सही केली आणि डबा उघडला.

कारखान्याच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर माडिया लोकांचं गाव होतं. भिंतीला एक भगदाड होतं, त्यातून लोक ये-जा करत होते. ते आम्ही आल्या-आल्या बुजवून टाकलं. त्यानंतर एक म्हातारी रोज सकाळी गेटसमोर येऊन बसायला लागली. हातात एक बांबूची काडी, जुनी, हाताळून गुळगुळीत झालेली. खोकायची, थुंकायची, पुन्हा गेटकडं पाहत बसायची. तिसऱ्या दिवशी मी ओरडलोच.

"बाई, इथी बसाचं नाई! इथली माती चांगली नाई, कितीदा सांगाचं?"

तिला मराठी फारसं येत नव्हतं. बरोबर तिची मुलगी होती, आश्रमशाळेत शिकलेली, तिशीतली. ती उठून उभी राहिली.

"आई म्हनते, तिचा मानूस आत हाय."

आत माणूस! मी तसाच वळलो आणि पळत जाऊन सगळे मजूर मोजले, टाकीत डोकावलो, शेडमागं पाहून आलो. सगळे जागेवर. धापा टाकत परत आलो आणि म्हणालो, "कोन हाय आत? कुठी हाय?"

मुलीनं उताराकडं बोट दाखवलं. "तिथी. मोहाजवळ. आमच्यात मानूस मेला का त्याच्या नावाचा दगड उभा करते, भाऊ. मेल्या मानसाचा जीव, हनाल म्हनते त्याले, तो त्या दगडात राह्यते. माहा बाप तिथी हाय."

म्हातारीनं ती काडी माझ्यापुढं धरली. ज्या दिवशी दगड उभा केला त्या दिवशी जमिनीपासून माथ्यापर्यंत मापून ही काडी तोडली, असं मुलीनं सांगितलं. जीव सुखात असला तर दगड वाढतो. दर वर्षी सणाला आई जाते, काडी लावून पाहते.

"दगड वाढते?" मला हसू आलं. लपवलं नाही मी.

म्हातारीला माझं हसू कळलं नाही, का कळून तिनं सोडून दिलं, देव जाणे. तिनं आपल्या बोटाच्या पेरावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "येवढा. वाढला." असं म्हणताना तिचा चेहरा उजळला होता. पोर पहिल्या नंबरानं पास झालं की बाई जसं सांगते ना, तसं सांगितलं तिनं.

मग मुलगी म्हणाली, "तिले खोकला हाय, भाऊ. जास्त दिवस नाई काढत आता. तिचा दगड त्याच्या डाव्या अंगाले लावाचा हाय, जागा सोडून ठेवली हाय तिथी. तुमी त्याचा दगड नेला तं मंग तिचा कोनापाशी लावाचा?"

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "दगडच तं हायत बाई. जंगलभर पडले हायत. घ्या एक अन् लावा." असं बोललो मी. वर त्यांच्यासमोर गेटही लावून घेतलं.

त्या रविवारी घरी आलो होतो. अब्बांच्या कबरीवर गेलो, जातो अधूनमधून. आमच्या कब्रस्तानात पक्की बांधकामं फार नाहीत. अब्बांची जागा मी कडुनिंबावरून ओळखतो. त्याच्या बुंध्यापासून चार पावलं, डावीकडं अम्मी. फातिहा वाचताना डोक्यात एकदम आलं की उद्या कुणी इथं बुलडोझर घेऊन आला आणि मला म्हणाला, मातीच तर आहे, शहरभर माती पडली आहे, तर? मी त्याचा गळा धरला असता. खरंच धरला असता. स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

सोमवारी पहिल्या बसनं निघालो. जाऊन पाहतो तर उताराचा कोपरा साफ. काम यादीप्रमाणं चालतं आणि यादीत मीच लिहिलं होतं मलबा. लोडरवाल्यानं सतरा दगड उपटून शेडमागं ढीग केला होता. मोहाचं झाडही आडवं झालं होतं. लोडरवाल्याचा काय दोष! तो मला म्हणाला, "साहेब, एकदम क्लीन केलं." मी शेडमागं जाऊन दगड मोजले. सतरा भरले.

मग दगड गावाला परत मिळावेत म्हणून मी नागपूरच्या सरकारी साहेबांच्या मागं लागलो. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, जागेवर एकदाच आला होता, तोही गाडीतून उतरला नाही. पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, कोणता दगड कोणत्या चौकोनातला? मी म्हटलं, लिहिलेलं नाही. त्यांनी विचारलं, का लिहिलेलं नाही? मी म्हटलं, भूक लागली होती. फोटो आहे का, म्हणाले. एक होता, झेंडीचा काढलेला, मागं दगड पुसटसे. तो मी म्हातारीला मोबाइलवर दाखवला. तिनं मोबाइल उलटा केला, आडवा केला, डोळ्याजवळ नेला आणि मग मुलीला काहीतरी म्हणाली.

"ती म्हनते, ह्या बाजूनं आमी कधी पाह्यलाच नाई त्याले," मुलीनं सांगितलं. "पन तुमी बाहेर आना. ती ओळखते. काडी हाय तिच्यापाशी."

एवढं बास होतं मला. कसं ओळखणार, ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

सरकारी काम, सहा महिने थांब. थांबलो. पत्रं लिहिली, फोन केले, एकदा स्वतः नागपूरला जाऊन दारात बसलो, जशी ती माझ्या दारात बसली होती. दरम्यान म्हातारीचा खोकला वाढत चालला होता. पण तिनं गेटवर येणं सोडलं नाही. मी तिच्यासाठी कुंपणाच्या बाहेर, साफ जागेवर, एक खुर्ची ठेवली. ती खुर्चीवर कधी बसली नाही, खुर्चीच्या सावलीत खाली बसायची. आमची बोली जुळत नव्हती तरी जुळली थोडी. मी आलो की ती पेरावर अंगठा ठेवून दाखवायची, मी मान हलवायचो. हसायचो नाही आता.

शेवटी कागद आला. दगड पूर्ण स्वच्छ करावेत. रीडिंग गावातल्या साध्या जमिनीएवढं आलं, तर गावाला परत द्यावेत. नाही आलं, तर मलब्याबरोबर पुरावेत.

बाप्पा, काय आनंद झाला होता मला! घासायचंच होतं ना. घासण्यात आमच्या घराण्याचा हात कोण धरणार? मजुरांना मी जवळ येऊ दिलं नाही. धुतलेलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून खाली जाड प्लॅस्टिक अंथरलं, वर दगड घेतला, तारेचा ब्रश आणि साबण. एकेका दगडाला अर्धा-अर्धा दिवस. माथ्यावरचं तेल काढलं, हळद काढली, धूर काढला. शेवाळ खरवडलं. बुडाला चिकटलेली लाल माती भेगाभेगांतून टोकरून काढली. मीटर लावायचा, ऐकायचं, पुन्हा घासायचं. जिथं ब्रश पोचला नाही तिथं ग्राइंडर फिरवला. अति तिथं माती म्हणतात, पण या कामात अति केल्याशिवाय भागतच नाही; थोडं ठेवलं की टिकटिक राहते आणि टिकटिक राहिली की दगड खड्ड्यात. मास्कमध्ये घाम डोळ्यात जात होता आणि मला अब्बा दिसत होते, भिंतीला हात टेकवून गंजात उभे. त्यांना हे काम दाखवायला हवं होतं असं राहून राहून वाटत होतं.

सतराच्या सतरा पास झाले. ओले, निळसर, खाणीतून आजच काढल्यासारखे. मी त्यांना ओळीनं मांडून फोटो काढला आणि बायकोला पाठवला.

गावानं ओढ्यापलीकडं नवीन जागा नेमली होती. ट्रॅक्टरनं दगड नेले, मऊ गवतावर एकेक करून उतरवले. सगळं गाव जमलं होतं. म्हातारी धुतलेलं लुगडं नेसून आली होती, केसांना तेल लावलं होतं. नवऱ्याला भेटायला आली होती हो ती. हातात काडी.

ती पहिल्या दगडापाशी बसली. त्याच्यावरून हात फिरवला. पालटायला लावला, पुन्हा हात फिरवला. दुसऱ्यापाशी गेली. तिसऱ्यापाशी गेली. काडी आडवी धरायची, दगडाला लावायची, आणि मग काहीतरी शोधत राहायची, बोटानं चाचपत. सातव्या-आठव्या दगडापाशी तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि मराठीत विचारलं, माझ्याशी स्वतः, मुलीच्या तोंडून नाही.

"रेघ कुठी हाय?"

मला समजलं नाही. मुलीनं समजावून सांगितलं, हळू आवाजात. उभा दगड अर्धा जमिनीत असतो. वरचा भाग पावसानं, उन्हानं, आम्ही लावलेल्या तेलानं काळा होतो. खालचा कोराच राहतो, लाल मातीचा. मधे जमिनीची रेघ पडते. दगड उपटला तरी रेघ राहते. आई त्या रेघेपासून माथ्यापर्यंत काडी लावणार होती. ज्याचं माप काडीहून पेरभर जास्त भरलं असतं, तो माझा बाप, ती म्हणाली.

"रेघ कुठी हाय, भाऊ?" म्हातारीनं पुन्हा विचारलं.

"धुतली," मी म्हणालो.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती असं आपण सहज म्हणून जातो. त्या दिवशी मला ते म्हणवेना. ती ओरडली असती, काडीनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. उरलेल्या दगडांपाशीही गेली, सगळ्यांपाशी, एकेकाला हात लावला. मग मध्येच बसली आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. गावातल्या बायका रडायला लागल्या. मुलगी सांगायला तयार नव्हती. मी फारच मागं लागलो तेव्हा म्हणाली, "ती म्हनते, सगळे आंघोळ करून आले, पन कोनी बोलून नाई राह्यले."

दगड गावानं उभे केले, जसे सुचले तसे. मी कारखान्याचं उरलेलं काम पुरं केलं. शेवटच्या कागदावर छापलेलंच असतं, जागा पूर्ववत करण्यात आली आहे, त्याखाली फक्त सही करायची असते. मी केली. माती साफ होती, पाणी साफ होतं, मीटर गप्प होता, एकही अक्षर खोटं नव्हतं. तरी घरी येताना बसमध्ये मी रडलो. शेजारच्या माणसानं विचारलं, तब्येत बरी नाही का. मी त्याच्यावरच खेकसलो.

पावसाळा संपता संपता मुलीचा फोन आला. म्हातारी गेली. मी गेलो, पण पोचेपर्यंत सगळं झालं होतं. दगड काही दिवसांनी उभा करणार होते, तेव्हा पुन्हा गेलो. गावात पुष्कळ बोलणं झालं म्हणे, तिचा दगड कुणापाशी लावायचा यावर. कुणी म्हणालं ह्याच्याजवळ, कुणी म्हणालं त्याच्याजवळ; आणि चुकून परक्याजवळ लावला तर? शेवटी सतरा दगडांपासून थोडा दूर लावला, एकटा. तिच्या उजव्या अंगाला एका दगडाची जागा मोकळी सोडली.

दगड उभा झाल्यावर मुलीनं नवा बांबू घेतला, जमिनीपासून माथ्यापर्यंत धरला, कोयत्यानं तोडला. जुनी काडी त्यांनी आईबरोबरच दिली होती. ही नवी काडी तिनं माझ्या हातात ठेवली.

"मले काऊन?" मी म्हणालो.

"मोजाचं काम तुमचंच हाय न, भाऊ," ती म्हणाली. रागानं म्हणाली का मायेनं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

काडी माझ्या घरी असते, अब्बांचा भाता टांगलेला आहे त्या खिळ्याला. दर वर्षी सणाच्या सुमारास घेऊन जातो. मुलगी बरोबर येते. मी गुडघ्यावर बसतो, दगडाच्या बुडाचं गवत बाजूला करतो, काडी टेकवतो, माथ्याशी बोट ठेवून पाहतो. तेल लावलेल्या माथ्याला हात लागतो तेव्हा तो मी पुसत नाही. मागं उभी राहून ती विचारते, "वाढला?"

एकदा वाटलं, हो म्हणावं. काडी खालून नखभर घासली तरी भागलं असतं, आणि घासणं तर मला येतं. पण तिच्याशी खोटं बोलायचा हक्क मला नाही.

"नाई," मी सांगतो.

तीन वर्षं झाली. दगड काडीएवढाच आहे.